कुंद्याच्या डब्यातले छर्रे

वाचकांचे प्रश्न
(पत्रे संक्षिप्त केली असून ओळख पटेल असा तपशील वगळला आहे.)

प्रश्न : माझे माहेर गडहिंग्लजचे. सहा वर्षांपूर्वी लग्न होऊन मी बेळगावला टिळकवाडीत आले. माझे यजमान उद्यमबागेतील एका कारखान्यात सुट्या भागांच्या तपासणीचे काम करतात. गेल्या वर्षी तज्ज्ञांनी त्यांना ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, असल्याचे सांगितले. 'छान दिसतेस' हे वाक्य मी सहा वर्षांत एकदाही ऐकलेले नाही. मात्र दर दोन-चार दिवसांनी ते कामावरून आले की खिशातून काहीतरी काढून स्वयंपाकघरातल्या कट्ट्यावर ठेवतात आणि हातपाय धुवायला निघून जातात. कधी बेअरिंगचा छर्रा, कधी लेथवरून निघालेली पितळेची वेटोळी, एकदा तर कडा घासून गुळगुळीत केलेला निळ्या काचेचा तुकडा. हे सारे मी कुंदा या मिठाईच्या रिकाम्या डब्यात टाकते. कुंदाही ते न चुकता त्याच दुकानातून आणतात, कारण लग्नानंतर एकदा मी तो आवडल्याचे म्हटले होते. आता मला त्याचा कंटाळा आला आहे. तशी ते माझी काळजी घेतात. मला कन्नड वाचता येत नाही म्हणून त्यांनी पर्समध्ये एक चिठ्ठी ठेवली आहे: एका बाजूला बसच्या पाटीवर दिसते तसे कन्नड अक्षर आणि समोर देवनागरीत गावाचे नाव, मागच्या बाजूला विजेच्या बिलावरचे शब्द. चिठ्ठी विटली की न सांगता नवी येते. पण ते निराळे. माझे वडील गेले तेव्हा सगळे घर रडत होते आणि हे माझ्याजवळ आले नाहीत. तीन दिवस अंगणात बसून समाचाराला येणाऱ्यांच्या चपलांच्या जोड्या लावत राहिले. 'जावयाला काही वाटते की नाही,' असे माझ्या चुलत्यांनी विचारलेच. सासूबाई म्हणतात, 'तो लहानपणापासून असाच आहे, मनाला लावून घेऊ नकोस.' या माणसाचे माझ्यावर प्रेम आहे, की डब्यातल्या भंगाराला मीच अर्थ चिकटवते आहे?

उत्तर : सप्रेम नमस्कार. पत्रावरून कोणाच्या मनाचा ठाव सांगणे हे ज्योतिषाचे काम आहे आणि ते मला जमत नाही. परंतु आपल्या पत्रातील 'पण ते निराळे' हे तीन शब्द वाचून मी थांबले. चिठ्ठी निराळी कशी? बसस्थानकावर पाटी वाचता न येणाऱ्या बायकोची अडचण त्यांनी पाहिली, ती कोणाला विचारावी लागू नये अशी सोय केली आणि चिठ्ठी कधी विटते यावर लक्ष ठेवले. हे शेवटचे मला सर्वांत मोलाचे वाटते, कारण त्यासाठी सहा वर्षे अधूनमधून आपली पर्स उघडून पाहावी लागली असेल.

आपल्या भाषेतला 'स्वमग्न' हा शब्दच मुळात दिशाभूल करतो, अशी माझी जुनी तक्रार आहे. 'ऑटिझम' हा शब्द स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९११ च्या सुमारास ग्रीक भाषेतील 'स्वतः' या अर्थाच्या शब्दापासून रूढ केला, तोही मुळात स्किझोफ्रेनिया या मनोविकाराच्या संदर्भात. पुढे १९४३ मध्ये अमेरिकेतील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी मुलांमधील एका वेगळ्या अवस्थेचे वर्णन करताना तो वापरला आणि आपण त्याचे मराठी करताना 'स्वतःत बुडालेला' असा माणूस डोळ्यांपुढे उभा केला. ज्याचे लक्ष बायकोच्या पर्समधल्या कागदाच्या विटलेपणावर आहे, तो स्वतःत बुडालेला आहे असे कसे म्हणावे? म्हणून अलीकडे अनेक जण 'न्यूरोडायव्हर्जंट' हा व्यापक शब्द पसंत करतात. ज्यांच्या मेंदूची घडण बहुसंख्यांपेक्षा वेगळी आहे, असे लोक, एवढाच त्याचा अर्थ.

आता छर्ऱ्यांकडे वळू. अंटार्क्टिकामध्ये अ‍ॅडेली जातीचे पेंग्विन राहतात. त्यांचे घरटे म्हणजे खड्यांची रास असते. नर चोचीत एकेक खडा आणून मादीसमोर ठेवतो आणि दोघे मिळून रास वाढवतात. (शेजाऱ्याच्या घरट्यातले खडे पळवण्यातही हे पक्षी पटाईत असतात, पण तो विषय वेगळा.) या पक्ष्यांवरूनच न्यूरोडायव्हर्जंट लोकांनी आपापसात एक गमतीचा शब्दप्रयोग रूढ केला आहे. वाटेत काहीतरी छोटेसे सापडले, ते पाहून आपले माणूस आठवले आणि ते उचलून त्याच्यापुढे ठेवले, तर त्याला ते 'पेंग्विनचा खडा' म्हणतात. तो खडा प्रत्यक्षात दगड असेल, बाटलीचे झाकण असेल किंवा मोबाईलवर पाठवलेला एखादा फोटो. त्याचा अर्थ एवढाच की, हे पाहिले आणि तू आठवलीस. बोलून दाखवण्याचे काम त्या वस्तूनेच केलेले असते, म्हणूनच ती ठेवून माणूस हात धुवायला निघून जातो.

पेंग्विनचा खडा शोभेचा मात्र नसतो. वितळलेल्या बर्फाचे पाणी अंड्यांना लागू नये म्हणून ती रास रचलेली असते. आपण काचेचा तुकडा एका बाजूला आणि चिठ्ठी दुसऱ्या बाजूला ठेवून पहिला निरर्थक आणि दुसरी नुसती सोय, अशी वाटणी केली आहे. काचेच्या कडा घासण्यात किती वेळ गेला असेल, हे तपासणी विभागात काम करणाऱ्या माणसाला विचारून पाहा. आपल्या बोटाला लागू नये म्हणून त्या घासल्या असतील, असा माझा कयास आहे. पण खात्री त्यांच्याकडूनच करून घ्यावी.

मग हे सारे तोंडाने का येत नाही? याला एकच कारण नाही. स्वमग्न व्यक्तींपैकी सुमारे निम्म्यांना स्वतःच्या भावनेला नाव देणे अवघड जाते, असे अभ्यासांतून दिसते. या अडचणीला 'अ‍ॅलेक्सिथायमिया' म्हणतात. छातीत काहीतरी दाटून येते, पण ते दुःख आहे, भीती आहे की भूक, हे चटकन कळत नाही. ज्याला आपल्या मनातल्या गोष्टीचे नावच सापडत नाही, तो ते उच्चारणार कसे? याशिवाय एक मुद्दा असा आहे, जो आपल्या भागातील वाचकांना समजावून सांगण्याची गरज नसावी. ब्रिटनमधील डेमियन मिल्टन या समाजशास्त्रज्ञांनी, जे स्वतः ऑटिस्टिक आहेत, २०१२ मध्ये असे मांडले की ऑटिस्टिक आणि इतर माणसांमधला गैरसमज दोन्ही बाजूंनी होतो. एकाला दुसऱ्याचे मन वाचता येत नाही, तसेच दुसऱ्यालाही पहिल्याचे येत नाही. तोवर सारा दोष एकाच बाजूच्या माथी मारला जात असे. आठवडी बाजारात बैलहोंगलकडून आलेली कन्नड भाजीवाली आणि चंदगडकडून आलेले मराठी गिऱ्हाईक यांची भावावरून ओढाताण होते, तेव्हा 'हिला बोलता येत नाही' असे त्यांपैकी कोणीही म्हणू शकते. प्रत्यक्षात दोघींनाही उत्तम बोलता येत असते, फक्त आपापल्या भाषेत. आपल्या यजमानांनी आपल्यासाठी कन्नड पाट्यांचे देवनागरी करून दिले. छर्ऱ्यांचे मराठी करण्याचा थोडा भार आपल्याकडे येतो.

सारा नव्हे. वडिलांच्या वेळी आपल्याला जे वाटले, ते चुकीचे होते असे मी म्हणणार नाही. रडण्याचा आवाज, दाटीवाटीने बसलेली माणसे, उदबत्तीचा वास, कोण कधी गळ्यात पडेल याचा नेम नाही, अशी खोली अनेक ऑटिस्टिक माणसांना शरीराने सहन होत नाही. तेथून उठून अंगणात जाणे म्हणजे पळ काढणे असेलच असे नाही. त्यांनी तेथे करण्याजोगे एक काम शोधले: दुःखात बाहेर पडणाऱ्या माणसाला आपली चप्पल धुंडाळावी लागू नये. चुलत्यांना ते दिसले नाही, यात नवल नाही. पण आपल्याला त्या दिवशी शेजारी माणूस हवा होता आणि तो नव्हता, हेही तितकेच खरे आहे. चपलांच्या जोड्यांनी ती जागा भरून निघत नाही.

म्हणून ते सांगावे लागेल, आणि सांगताना 'तुम्हाला समजायला हवे होते' हे वाक्य टाळावे. ज्यांच्यापाशी आडून सुचवलेले पोहोचत नाही, त्यांच्या बाबतीत या वाक्यातून अपराधीपणाखेरीज काही निष्पन्न होत नाही. त्याऐवजी, घरात शांतता असताना, रडू आलेले नसताना, नेमके सांगावे: 'मी रडत असेन तेव्हा माझ्या डाव्या बाजूला येऊन बसा. बोलायची गरज नाही. मी उठेपर्यंत बसा.' हे ऐकायला रुक्ष वाटेल. 'सांगून केले तर त्यात प्रेम कसले?' असे आपल्या मनात येईल, कारण मागितल्याविना मिळावे तेच खरे असे आपल्या मनावर बिंबलेले आहे. माझा अनुभव असा की अशा नेमक्या सूचना मिळाल्यावर ही माणसे त्या ज्या निष्ठेने पाळतात, तेवढी निष्ठा न सांगता ओळखणाऱ्यांकडे क्वचितच सापडते. कुंद्याचेच पाहा. आपण एकदा आवडला म्हणालात आणि ती गोष्ट त्यांनी कायमची नोंदवून ठेवली. ती नोंद बदलल्याचे आपण कळवलेलेच नाही. 'आता पुरे, त्याऐवजी मांडे आणा' असे सांगून टाकावे. त्यांना वाईट वाटण्यापेक्षा हायसे वाटण्याचीच शक्यता अधिक.

आणि तो डबा फळीवरून खाली काढून, झाकण उघडे ठेवून, त्यांना दिसेल अशा जागी ठेवावा. फार कौतुक करू नये, ते त्यांना अवघडल्यासारखे होईल. नवी वस्तू आली की 'ही कुठे सापडली?' एवढेच विचारावे आणि मग बसायला वेळ काढावा, कारण पितळ आणि पोलाद यांच्या वेटोळ्यांत फरक का पडतो याविषयी पाऊण तास ऐकावे लागेल. आपल्याला प्रिय असलेल्या विषयाची सारी माहिती दुसऱ्यापुढे ओतणे, हाही यांच्यापैकी अनेकांचा जीव लावण्याचा प्रकार असतो.

एक खुलासा राहिला. निदानाच्या कागदाने अपमान, धाक किंवा मारहाण क्षम्य ठरत नाही. आपल्या पत्रात तसे काहीच नाही, म्हणून हे आपल्यासाठी नाही. परंतु हे उत्तर इतरही वाचतील.

प्रश्न : मी सत्तावीस वर्षांचा असून वडगावला राहतो. मला एडीएचडी (लक्ष आणि आवेग आवरण्यातली अडचण) असल्याचे दोन वर्षांपूर्वी कळले. माझी ताई निपाणीला दिली आहे. गेल्या भाऊबीजेला मी तिला फोन करायचाही विसरलो. त्यानंतर आठवड्याने माळ्यावर तिची शाळेतली कंपासपेटी सापडली, तेव्हा मी तसाच गाडीला किक मारून निपाणीला जाऊन ती देऊन आलो. ताई म्हणाली, 'सणाला यायला तुला जमत नाही आणि गंजकी पेटी द्यायला पंचाहत्तर किलोमीटर येतोस?' रात्री-अपरात्री मी तिला मांजरांचे फोटो पाठवतो, त्यावरही ती चिडते. माझा तिच्यावर किती जीव आहे हे तिला कसे पटवून देऊ?

उत्तर : पटवून देण्याची घाई करू नका. पेटी मिळाल्यावर त्या रात्री ताईंनी ती उघडून पाहिली असेल, याविषयी मला शंका नाही.

एडीएचडीमध्ये लक्ष कमी असते असे लोक समजतात. वास्तविक लक्ष हवे तेव्हा हव्या त्या गोष्टीकडे वळवणे आणि हातातली गोष्ट मनात धरून ठेवणे, हे अवघड जाते. 'दृष्टीआड सृष्टी' ही आपली म्हण तुमच्या बाबतीत अक्षरशः लागू पडते. कंपासपेटी डोळ्यांपुढे आली, म्हणून ताई आठवली आणि आठवताच तुम्ही निघालात. भाऊबीज ही कॅलेंडरवरची एक तारीख, ती डोळ्यांपुढे येऊन उभी राहिली नाही. प्रेमाचे माप यापैकी कशावरूनच काढता येत नाही. पण ताईंच्या बाजूने विचार करा. सासरी भाऊबीजेला प्रत्येकीचा भाऊ येतो, ओवाळणी होते, कोणाचा आला आणि कोणाचा नाही याची नोंद सगळ्या घराला असते. तुमच्या विसरण्याची किंमत तेथे त्या मोजतात. त्यामुळे 'माझा मेंदूच तसा आहे' हे स्पष्टीकरण खरे असले तरी पुरेसे नाही.

काम मेंदूवर सोपवू नका, वस्तूंवर सोपवा. दिवाळीच्या पंधरा दिवस आधीपासून रोज वाजेल असा गजर फोनमध्ये लावा, आणि गजर बंद करून विसरण्याची सवय असेल (ती असतेच) तर ओवाळणीचे पाकीट गाडीच्या किल्लीलाच बांधून ठेवा. आईंना आठवण करायला सांगू नका. घरातल्या बाईला चालतेबोलते कॅलेंडर करण्याची आपली रीत मला मान्य नाही.

ताईंना एकदा, समोर बसून, सांगा की रात्री दीड वाजता आलेला मांजराचा फोटो म्हणजे 'आत्ता तुझी आठवण आली' एवढाच निरोप आहे, उत्तर अपेक्षित नाही. आणि फोनचा आवाज रात्री बंद ठेवण्याचा पर्याय कुठे असतो, तेही त्यांना दाखवून या.

प्रश्न : जांबोटीच्या बाजूला आमचे घर आहे. नऊ वर्षांचा नातू ऑटिस्टिक आहे, फारसा बोलत नाही. मी कुरवाळले की अंग आक्रसून पळून जातो. मात्र मी भाजी निवडायला बसले की मागून येऊन माझ्या पाठीवर डोके जोरात दाबून धरतो, कधी कधी दुखते. सध्या फणसाच्या आठळ्या माझ्या पायांजवळ ओळीने मांडतो आणि आमटीसाठी उचलल्या की आकांत करतो. त्याला आजी आवडते की नाही, हे मला कळत नाही.

उत्तर : आजी, हलका, फिरता स्पर्श काही मुलांना अंगावर मुंगी चालावी तसा नकोसा होतो, आणि घट्ट, स्थिर दाब मात्र शांत करतो. टेंपल ग्रँडिन या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ स्वतः ऑटिस्टिक आहेत. तरुणपणी मावशीच्या पशुपालन केंद्रावर गुरांना लस टोचताना धरून ठेवणारा खोडा त्यांनी पाहिला, त्यात जनावर शांत होते हे त्यांच्या ध्यानात आले, आणि त्यांनी स्वतःसाठी तसेच दाब देणारे यंत्र बनवले. माणसांनी मारलेली मिठी त्यांना सहन होत नसे. यंत्राचा दाब किती असावा हे त्यांच्या हाती होते. तुमचा नातू खोडा शोधत थेट आजीच्या पाठीपाशी येतो. सगळ्या घरात त्याने ती जागा निवडली आहे, एवढे तरी नक्की. दुखत असेल तर पाठीला उशी लावून बसा. त्याला ढकलू नका आणि वळून कुरवाळूही नका. उलट तुम्हीच पाठ थोडी मागे रेटून पाहा.

येथे माझी एक चूक कबूल करते. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत मी एका आईला मुलाकडून रोज रात्री मिठीचा सराव करून घ्यायला सांगितले होते. मूल सराव शिकले आणि रात्र झाली की आईपासून लपू लागले. त्यानंतर तसा सल्ला मी कोणालाही दिलेला नाही.

आठळ्यांबद्दल मात्र जपून बोलावे लागेल. प्रत्येक ओळ म्हणजे तुमच्यासाठी भेटच असे समजू नका. ओळीने मांडण्यात त्याला नुसता आनंदही मिळत असेल. तो ओळ मांडून तुमच्याकडे पाहतो का, तुमचा हात धरून ती दाखवतो का, तुम्ही जागा बदललीत तर ओळही तिकडे सरकते का, हे चार-आठ दिवस पाहा. ऑटिस्टिक मुले आपणहून वस्तू दाखवण्याचे प्रमाण इतर मुलांपेक्षा सहसा कमी असते, त्यामुळे त्याने एकदा जरी बोट धरून दाखवले तरी ते पुष्कळ झाले. तोवर आमटीच्या आठळ्या निराळ्या टोपलीत काढून ठेवा, त्याच्या ओळीतल्या घेऊ नका. आणि दुपारी निवांत असाल तेव्हा काही न बोलता त्याच्या ओळीच्या शेवटी तुमची एक आठळी ठेवा. त्याने ती काढून टाकली तर राहू द्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेवा. तशीच ठेवली, तर पुढची कोण ठेवते ते मला कळवा.